शिलोत्रीचा मण आणि इंजिनाचा तास

पेणहून वाशी-वढावकडे, शिर्की-दादरकडे उतरा, किंवा रोह्याहून कुंडलिकेच्या काठाने धोंडखार, यशवंतखारकडे जा. भातखाचरांच्या पलीकडे एक लांबट मातीची पाळ दिसते. पाळीच्या आत भात, बाहेर खाडी. भरतीच्या वेळी पाळीवर उभे राहिले तर बाहेरचे पाणी आतल्या खाचरांपेक्षा उंच असल्याचे साध्या डोळ्यांनी कळते. मुंबईच्या आसपासच्या खाड्यांमध्ये उधाणाची भरती चार-पाच मीटर चढते, आणि ती महिन्यातून दोनदा, अमावास्येला व पौर्णिमेला, न चुकता येते. म्हणजे ही शेतजमीन निसर्गाने दिलेली नाही. ती कुणीतरी खाडीकडून घेतली आहे, आणि दर पंधरवड्याला पुन्हा राखावी लागते. गावाच्या नावातला ‘खार’ हा शब्द त्या घेण्याची आणि राखण्याची आठवण आहे. बांध घालणाऱ्यांचा पराक्रम निदान अशा नावांतून तरी उरतो. बांध राखणाऱ्यांचा हिशेब मात्र कुणी फारसा मांडत नाही, आणि माझ्या मते या भागाच्या इतिहासाचे खरे मर्म त्या हिशेबात आहे.

बांध फुटतो तो एकाएकी, पण त्याची तयारी अनेक महिने चाललेली असते. खेकडे बिळे पाडतात. बिळातून पाणी झिरपते, झिरपणाऱ्या पाण्याबरोबर माती जाते, उन्हाळ्यात पाळीला भेगा पडतात, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, झडप कुजते. हे सगळे वेळीच पाहिले तर दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम असते: भांगाच्या दिवसांत, पाणी कमी चढते तेव्हा, बीळ खणून चिखलाने ठोकून बुजवायचे. पाहिले नाही, तर एखाद्या उधाणाला त्याच जागी खांड, म्हणजे बांधाला भगदाड, जाते, आणि दर भरती-ओहोटीला पाणी ये-जा करून ती खांड रुंद आणि खोल करीत राहते. मग शेकडो माणसे लागतात. आत शिरलेले खारे पाणी ओहोटीबरोबर निघून जाते, मीठ मातीत राहते, आणि ते धुऊन निघायला पुढचे दोन-तीन पावसाळे जावे लागतात. तोवर पीक नाही. अर्ध्या दिवसाचे काम टळले तर दोन-तीन वर्षांचे अन्न जाते. ज्या वस्तूत दुर्लक्षाचा खर्च दुरुस्तीच्या खर्चाच्या कित्येक पट असतो, तिच्याबाबतीत सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच: रोज जाऊन पाहण्याची गरज कुणाला वाटावी, आणि ती का वाटावी?

जुन्या कुलाबा जिल्ह्याने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे शिलोत्री. 1883 साली छापलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या पद्धतीचे वर्णन आहे, आणि तिचे मुख्य क्षेत्र पेण तालुका व नागोठण्याचा भाग हेच सांगितले आहे. नागोठणे तेव्हा पेणला जोडलेले होते, आज ते रोहा तालुक्यात आहे. ज्याने किंवा ज्याच्या पूर्वजांनी खाजणात, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीत, बांध घालून जमीन उठवली तो शिलोत्रीदार. जमीन कसणारे कूळ सरकारचा सारा देईच, शिवाय बिघ्यामागे एक मण धान्य शिलोत्रीदाराला देई. हा शिलोत्रीचा मण. त्याच्या बदल्यात बाहेरकाठा, म्हणजे खाडीला तोंड देणारा मुख्य बांध, दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी शिलोत्रीदाराची. आतले छोटे बांध कुळांनी सांभाळायचे. जमीन उठवण्यासाठीही सरकार सवलत देई. पेशवाईत इस्तावा कौल असे: आरंभीची काही वर्षे माफी, मग सारा पायरीपायरीने वाढत पूर्ण दराला पोचायचा. इंग्रजी अमलातही तोच विचार वेगळ्या आकड्यांत चालू राहिला. खाजण उठवणाऱ्याला सर्वसाधारणपणे पहिली 10 वर्षे सारा माफ आणि पुढची 20 वर्षे एकरी 4 आणे. पण कौल हा बांध घालण्यासाठी होता. मण हा बांध राखण्यासाठी होता. दोन वेगळ्या कामांना दोन वेगळे मोबदले असावेत ही समज जुन्या महसुली व्यवस्थेला होती.

त्या मणाची घडण नीट पाहायला हवी. शिलोत्रीदाराला किती टोपल्या माती टाकली यावर काही मिळत नसे. किती खांडी बुजवल्या यावरही नाही. किती बिघे कोरडे राहिले, पिकले, यावर त्याचे उत्पन्न ठरे, कारण बुडालेल्या बिघ्यातून मण यायचा कुठून? खांड गेली की दुरुस्तीचा खर्च त्याचा आणि बुडीत उत्पन्नाचा फटकाही त्याचा. म्हणून खेकड्याचे बीळ बीळ असतानाच बुजवण्यात त्याचा स्वतःचा फायदा होता. देखभालीचा करार दुरुस्तीवर बांधायचा की चालू राहण्यावर, हा आज मोठमोठ्या लष्करी खरेदीत वादाचा विषय आहे. पेणच्या खारेपाटात, म्हणजे या खाडीकाठच्या पट्ट्यात, तो बिघा आणि मण या दोन शब्दांत सोडवलेला होता, हे माझे म्हणणे आहे.

ही तुलना ओढूनताणून आणलेली वाटू नये म्हणून विमानाच्या इंजिनाकडे वळतो. 1962 साली ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने आपल्या व्हायपर इंजिनासाठी एक नवी रीत काढली. लहान जेट विमानाच्या मालकाने उड्डाणाच्या प्रत्येक तासामागे ठरावीक रक्कम द्यायची; इंजिन चालते ठेवणे, सुटे भाग पुरवणे, बिघडले तर बदलून देणे हे सगळे कंपनीचे. त्यापूर्वीची आणि पुढेही अनेक ठिकाणी चालू राहिलेली रीत अशी: इंजिन बिघडले की उतरवायचे, कारखान्यात पाठवायचे, लागलेले भाग आणि लागलेले श्रम यांचे बिल भरायचे. या रीतीत इंजिन जितके वेळा खाली उतरेल तितकी दुरुस्ती करणाऱ्याची कमाई वाढते. तो अप्रामाणिक असतो असे मुळीच नाही. पण इंजिन पंखावर टिकावे म्हणून जागरण करण्याचे त्याला कारण उरत नाही. तासावर पैसे घेणाऱ्याला मात्र उतरलेले इंजिन म्हणजे थांबलेले उत्पन्न, म्हणून तो बिघाड होण्याआधी शोधत बसतो. पुढे रोल्स-रॉइसने ब्रिस्टल सिडली विकत घेतली आणि हीच कल्पना जगभर पसरवली. मालवाहू लष्करी विमानांना ती विशेष लागू पडते, कारण त्यांचा उपयोग वेळेवर अवलंबून असतो. पूर आला, भूकंप झाला, सीमेवर फौज पोचवायची असली, तर कारखान्यात उघडून ठेवलेले इंजिन उत्तम स्थितीत असून काही कामाचे नाही.

आपल्या हवाई दलाने दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. 1984 पासून सेवेत असलेली एएन-32 विमाने आजही लडाख आणि ईशान्येच्या चौक्यांना रसद पोचवतात. 2009 साली युक्रेनशी सुमारे 40 कोटी डॉलरचा करार झाला; 105 विमानांचे आयुष्य वाढवायचे, त्यातली काही युक्रेनमध्ये आणि उरलेली कानपूरच्या हवाई दलाच्या डेपोत. 2014 नंतर रशिया आणि युक्रेन यांच्यातील संघर्षाने सुट्या भागांचा पुरवठा अडला आणि काम रेंगाळले. हा करार कामाचा होता: इतकी विमाने, इतकी सुधारणा, इतकी रक्कम. काम थांबले की हवाई दल अडले. उलट सी-130जे या चार इंजिनांच्या विमानांसाठी 2022 च्या सुमारास लॉकहीड मार्टिनशी 32.88 कोटी डॉलरचा पाच वर्षांचा करार झाला. 12 विमानांचा ताफा, त्यांची रोल्स-रॉइसची इंजिने आणि पंखे यांच्या पाठबळाची जबाबदारी त्यात एकत्र बांधली गेली. एकेका दुरुस्तीचे स्वतंत्र बिल मागवण्यापेक्षा ताफा उभा ठेवण्याची जबाबदारी एका हाती सोपवणे, ही या दुसऱ्या प्रकारच्या कराराची दिशा. तिचे गुणदोष काळ सांगेल. शिलोत्रीचा इतिहास समोर असला तर त्यातले काही दोष मात्र आधीच ओळखता येतात, आणि तेवढ्यासाठी तरी तो वाचायला हवा.

पहिला आक्षेप खारेपाटातूनच येईल आणि तो बळकट आहे. शिलोत्रीदार खरोखर बांध राखत होते का? अनेक ठिकाणी मण वसूल होई आणि बाहेरकाठ्याकडे दुर्लक्ष होई. कुळे स्वतः माती टाकून बांध वाचवत. या भागात अशा सामुदायिक कामाला ‘जोळ’ हा शब्द आहे, आणि तो शब्द रुजला याचाच अर्थ ज्याच्याकडे जबाबदारी होती त्याच्याकडून ती नेहमी पार पडत नव्हती. कारणही हिशेबात सापडते. बिघा बुडाला तर शिलोत्रीदाराचा एक मण जाई, कुळाचे सगळे पीक जाई. तोटा दोघांना होता, पण सारखा नव्हता. ज्याच्या घरात अन्नच उरणार नाही तो खांडीकडे आधी धावणार आणि ज्याचा एक मण बुडणार तो थोडे थांबून पाहणार. या आक्षेपाने माझा मुद्दा मोडत नाही, अधिक नेमका होतो. मोबदला परिणामावर बांधला हे योग्य होते; पण तो परिणाम बिघडला तर राखणाऱ्याला पुरेसे झोंबेल इतका तो मोठा नव्हता, आणि त्याने कसूर केली तर त्याला हटवण्याची सोय नव्हती. हक्क वंशपरंपरेचा होता. दुसऱ्या शिलोत्रीदाराकडे जायला कूळ मोकळे नव्हते. विमानाच्या इंजिनाचा करार मूळ उत्पादकाशीच करावा लागतो आणि त्याचे भाग दुसऱ्या कुणाकडे मिळत नाहीत, तेव्हा खरेदीदार देशाची अवस्था या कुळासारखीच होते. तासाचा दर कागदावर कितीही चांगला असो, पर्याय नसला की दर ठरवणारा एकच पक्ष उरतो.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे, आणि तो मराठी राज्यकारभाराच्या सर्वांत शहाण्या ग्रंथातून मिळतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आरमारावर एक प्रकरण आहे. कुलाब्याच्या किनाऱ्यावर आंग्र्यांची गुराबे आणि गलबते फिरत होती तो हा काळ. लष्कराची समुद्रावरची वाहने आणि त्यांची निगा हा तेव्हा रोजचा राजकीय प्रश्न होता. अमात्यांनी जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेची झाडे जबरदस्तीने घेऊ नयेत असे बजावले आहे, पावसाळ्यात आरमार कुठे ठेवावे याचा विचार केला आहे, आणि पैशाबद्दल एक ठाम नियम घातला आहे: आरमाराच्या खर्चाची नेमणूक मुलखाच्या कायम उत्पन्नातून करावी, बंदरांच्या उत्पन्नावर सोपवू नये. कारण उघड आहे. ज्याचे पोट व्यापाऱ्याच्या जकातीवर चालते त्याच्या हाती तोफा दिल्या तर तो व्यापाऱ्याला पिळेल आणि बंदर उजाड होईल. अमात्यांचे म्हणणे माझ्या प्रतिपादनाच्या विरुद्ध जाते असे प्रथमदर्शनी वाटेल. मोबदला उत्पन्नाशी जोडा असे मी म्हणतो, ते म्हणतात जोडू नका.

पण त्यांनी धोका कुठे पाहिला ते बारकाईने पाहावे. त्यांचा विरोध राखणाऱ्यानेच वसूल करण्याला आहे. शिलोत्रीत हेच घडले. मण कुळाच्या खळ्यातून थेट शिलोत्रीदाराच्या कोठीत जाई, आणि तो मागणारा अनेकदा गावातला बलवान माणूसही असे. मोबदला, वसुली आणि सत्ता एका हातात आली की देखभालीचा करार खंडणीकडे झुकतो. गोव्याच्या खाजणांनी हा धडा वेगळ्या रीतीने दिला. तिथे बांध गावकऱ्या सांभाळत. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली, आणि उघाडीजवळच्या, तिथल्या भाषेत मानशीजवळच्या, मासळीचा लिलाव हे संघटनांच्या उत्पन्नाचे मोठे साधन झाले. मासळी भाताहून जास्त पैसे देऊ लागली तशी खारे पाणी बाहेर ठेवण्याऐवजी आत घेण्यात फायदा दिसू लागला, आणि अनेक खाजणांची शेती संपली. परिणामावर पैसे द्यायचे हे खरे, पण कोणता परिणाम मोजता यावर सगळे अवलंबून असते. मासळी मोजली तर मासळी वाढेल. कोरडा बिघा मोजला तर बिघा कोरडा राहील.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने जे केले त्यातला न्याय निःसंशय आहे. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून वर्षानुवर्षे जमिनी न कसता संप चालवला होता, आणि डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले होते. या वातावरणात शिलोत्रीदाराचा मण टिकणे शक्यही नव्हते, योग्यही नव्हते. 1948 च्या खारजमीन कायद्याने खारभूमीसाठी मंडळ आले. 1955 साली खास कुलाबा जिल्ह्यासाठी शिलोत्री हक्क रद्द करणारा कायदा झाला. एका जिल्ह्याच्या एका मणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून तो मण किती खोल रुजला होता हे कळते. पुढे 1979 चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा आला. वसुली बलवानाच्या हातून गेली, हे अमात्यांच्या कसोटीवर बरोबरच झाले. पण त्या मणाच्या जोडीला आणखी एक गोष्ट गेली: राखणाऱ्याचा मोबदला आणि जमिनीचा कोरडेपणा यांना बांधणारा दोर. त्याची जागा कशाने भरली? अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयक. मोजले जाते ते घनमीटरमध्ये, टाकलेली माती आणि पिचिंगचा दगड. काम झाल्यावर काही काळ दोषदायित्व असते, मग तेही संपते. खेकडा मात्र दरसाल बीळ करतो, आणि खेकड्याच्या बिळाची निविदा निघत नाही. ते बीळ खांड होते तेव्हा निविदा निघते. इंजिन बिघडल्यावर बिल भरण्याची ती जुनी रीत आपण बांधांना लावून बसलो आहोत, आणि आधीची याहून बरी रीत याच मातीत होती हे विसरलो आहोत.

इथे कुणी म्हणेल की खारेपाटाची शेती आता किती उरली, आणि तिच्यासाठी एवढा विचार कशाला? कारखान्यांत आणि मुंबई-पनवेलला रोजगार मिळतो, तरुण भाताच्या चिखलात उतरत नाहीत, जमिनीचे भाव भातावर ठरत नाहीत. यातले वास्तव मी नाकारीत नाही. पण 2008 च्या सप्टेंबरात पेण तालुक्यातल्या 22 गावांनी सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर जनमत दिले, तेव्हा याच जमिनीच्या बाजूने शेतकरी रांगेत उभे राहिले होते हेही वास्तव आहे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने मीठ सोसणारे भाताचे वाण तयार केले ते याच शेतीसाठी. आणि दुर्लक्षाची किंमत आज पूर्वीपेक्षा मोठी झाली आहे. खांड वेळीच बुजली नाही की आत तिवर उगवतात. खाडीच्या काठी कांदळवन हवेच, बाहेरकाठ्याची लाट मोडण्याचे काम तेच करते, आणि 2018 च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने त्याला दिलेले संरक्षण योग्य आहे. पण हेच तिवर भातखाचरात रुजले की त्या जागेवर पुन्हा नांगर घालण्याची वाट जवळजवळ बंद होते. पूर्वी दुर्लक्षाची शिक्षा दोन-तीन हंगामांची होती. आता ती कायमची ठरू शकते, आणि भोगणारा तोच शेतकरी असतो ज्याच्या हाती बांधाची निविदा कधीच नव्हती.

राहिला व्यवहाराचा आक्षेप: सरकारी करार उत्पन्नावर कसा बांधणार, वादळ आले तर दोष कुणाचा? विमानाच्या करारातही हा प्रश्न येतो. पक्षी इंजिनात शिरला, वैमानिकाने धावपट्टीबाहेर उतरवले, तर तो खर्च कोणाचा हे कलमाने ठरवावे लागते, आणि ठरवता येते. जुन्या महसुलात अस्मानी-सुलतानीची सूट होतीच. चक्रीवादळाने गेलेली खांड वेगळी, आणि वर्षभर न पाहिलेल्या बिळातून गेलेली खांड वेगळी. खारेपाटातला कुठलाही अनुभवी शेतकरी फुटलेल्या जागेवर उभा राहून हा फरक सांगू शकतो. मोजणीही अवघड नाही. दसऱ्याच्या सुमारास, कापणीआधी, योजनेच्या लाभक्षेत्रातले किती एकर पिकले आणि किती खारले हे पीकपाहणीतून कळते. शिलोत्रीदाराचा बिघा यापेक्षा काटेकोर मोजला जात नव्हता.

म्हणून पेणच्या खारभूमी विभागाकडे आणि खारेपाटातल्या ग्रामसभांकडे एक मागणी आहे. धरमतर खाडीच्या आणि कुंडलिकेच्या काठच्या पुढच्या योजनेची निविदा निघेल तेव्हा बांध घालण्याचे पैसे घनमीटरवर द्या, पण राखण्याचे पैसे कोरड्या राहिलेल्या एकरावर, दरवर्षी, निदान 10 वर्षे द्या. ते सरकारने द्यावेत, शेतकऱ्याकडून वसूल करण्याचा अधिकार ठेकेदाराला असू नये. पिकलेल्या एकरांच्या दाखल्यावर गावाची सही असल्याशिवाय देयक निघू नये. आणि हे काम घेण्याचा पहिला हक्क त्या गावच्या जोळाला, म्हणजे बांधावर पिढ्यान्‌पिढ्या चिखल ठोकत आलेल्या शेतकऱ्यांच्या संस्थेला द्या.